टर्जिव्हर्सेशन, म्हणजे फिरत राहणारी पाठ

(ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आजचा शब्द ग्रुपवर टाकला तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की हा म्हणायचा कसा, म्हणून आधी तेच. टर्-जि-व्हर्-सेशन, त्यातला जि जिलबीतला. इंग्रजीतसुद्धा रोज कोणी वापरत नाही. २०११ मध्ये डिक्शनरी डॉट कॉमने त्याचं क्रियापद, टर्जिव्हर्सेट, वर्षाचा शब्द म्हणून निवडलं होतं, तरी तो बोलण्यात काही रुळला नाही.

मूळ लॅटिन. टर्गम म्हणजे पाठ, आणि पुढचा भाग फिरवत राहण्याचा. आपण म्हणतो त्याने पाठ फिरवली, पण ती एकदाच फिरते, माणूस गेला, विषय संपला. इथे तो जातही नाही, समोरच असतो, चहा पाजतो आणि पाठ फिरवत राहतो, म्हणजे सरळ उत्तर टाळत राहतो.

म्हणजे काय ते आमच्या कन्व्हेयन्सवरून सांगतो. बघा, लगेच माना हलायला लागल्या! ताबा मिळाला, सोसायटी रजिस्टर झाली, आता बिल्डरने जमीन आणि बिल्डिंग सोसायटीच्या नावावर करून द्यायची. मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅट-मालकीचा कायदा, १९६३ चा, करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी रजिस्टर झाल्यापासून चार महिन्यांत हे व्हायला पाहिजे. आम्ही गेलो की साहेब साइटवर. मग फाइल लीगलला गेलीय. मग मागची विंग पूर्ण होऊ दे, एकदमच करू. मग काका, दिवाळीनंतर या ना. आमच्या सेक्रेटरी बाई शेवटी चिडून म्हणाल्या, अहो देणार नाही असं तरी लिहून द्या, तर तो मॅनेजर म्हणतो छे छे मॅडम, देणार नाही असं कोण म्हणालं?

हे वाक्य महत्त्वाचं आहे. तो खोटं बोलला नाही. त्याने नकार दिला असता तर आम्हाला धरायला काहीतरी मिळालं असतं, पण त्याने होकार आणि नकार दोन्ही हातात येऊ दिले नाहीत आणि आम्ही भलेपणाने वाट बघत बसलो, तोवर कमिटी बदलली, जुनी माणसं फ्लॅट विकून गेली. टाळणाऱ्याला हेच हवं असतं, आपण दमावं. मला याचा अजून संताप येतो.

रोमन लोकांनी तर याला गुन्हा ठरवलं होतं. त्यांच्याकडे सरकारी वकील नव्हता, एखादा नागरिकच आरोप घेऊन उभा राहायचा. जाणूनबुजून खोटा आरोप केला तर कलुम्निया, आरोपीशी आतून संगनमत करून स्वतःचीच केस ढिली केली तर प्रिव्हॅरिकॅशिओ, आणि परवानगी न घेता खटला अर्धवट सोडला तर टर्जिव्हर्सॅशिओ. इसवी सन ६१ मध्ये, नीरोच्या काळात, सिनेटने त्यावर शिक्षेचा ठरावच केला. इंग्रजीत या शब्दाला दुसरा अर्थही आहे, आपला पक्ष, आपली बाजू सोडून जाणं. आपल्याकडे आमदारांसाठी चालेल.

वॉचमन खूण करतोय, साडेआठला हॉल द्यायचाय, म्हणून बाकीचं भराभर सांगतो. नरो वा कुंजरो वा हा वेगळा प्रकार, तिथे उत्तर दिलं जातं पण दुहेरी, त्याला इक्विव्होकेशन म्हणा. टर्जिव्हर्सेशनमध्ये उत्तरच येत नाही.

ओळखायचं कसं तर प्रत्येक भेटीत कारण नवीन आणि तारीख कधीच नाही. उपाय म्हणजे तोंडी विचारू नका, पत्र द्या, एकच प्रश्न, कोणत्या तारखेला देणार, पोच घ्या. सरकारी ऑफिस असेल तर माहिती अधिकारात विचारा, तिथे ३० दिवसांची मुदत आहे, मग गप्प बसणंसुद्धा नकार धरला जातो आणि अपील करता येतं. कन्व्हेयन्सचंही तसंच, २००८ च्या दुरुस्तीपासून बिल्डर करत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज करता येतो, त्याच्या सहीवाचून काम अडत नाही. आम्ही तोच केलाय.

ज्यांचं कन्व्हेयन्स राहिलंय त्यांनी खाली गेटपाशी थांबा, कागदपत्रांची यादी आणलीय, झेरॉक्स देतो.