वारं कुठून आहे?

(दृश्य: सकाळचं माळरान. दूरवर चिंकाऱ्यांचा छोटा कळप चरतोय.)

पुण्याहून सोलापूर रस्त्यानं निघायचं, चौफुल्याला उजवीकडे वळायचं, की पुढे सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य लागतं. क्षेत्रफळ अवघं ५.१४ चौरस किलोमीटर. पावसाळ्यात हिरवं, दिवाळीनंतर पिवळं आणि मार्चपासून पार करपलेलं माळ. १९९७ साली ते चिंकाऱ्यांसाठी राखून ठेवलं गेलं.

या कळपाकडे नीट बघा. आपली गाडी रस्त्यावर उभी आहे, इंजिन बंद आहे. त्यांना ती दिसतेय, तरी चरणं चालू आहे. आता डावीकडच्या मादीकडे लक्ष द्या. तिची मान वर आली, कान पुढे झाले. पण ती गाडीकडे बघत नाहीये. तोंड वाऱ्याकडे आहे, नाकपुड्या फुलल्यात. पुढचा पाय एकदा जमिनीवर आपटला. नाकातून शिंकेसारखा आवाज आला, आणि कळप उधळला.

माळाच्या वरच्या अंगाला, बाभळींच्या पलीकडून दोन माणसं पायी चालली होती. आपल्याला ती दिसली नव्हती, चिंकाऱ्यांनाही नाही. वारं मात्र त्यांच्याकडून कळपाकडे वाहत होतं.

(दृश्य: शीर्षक. मागे फक्त वाऱ्याचा आवाज.)

हरणाच्या जवळ जायचं तर आधी वारं बघायचं, ही विद्या मुळात शिकाऱ्यांची. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार आजही परवाना काढून, ठरलेल्या हंगामात होते. तिथला शिकारी सकाळी उठून पहिल्यांदा वाऱ्याची दिशा बघतो आणि मग कुठल्या झाडावरच्या मचाणावर चढायचं ते ठरवतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणांना संरक्षण दिलं. चिंकारा त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणाऱ्याला किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांची कैद होऊ शकते. हे असंच असायला हवं. पुण्याच्या आसपास उरलेली माळरानं आणि त्यावरची जनावरं एवढी थोडी आहेत की तिथे बंदुकीला जागाच नाही.

पण वाऱ्याची विद्या आपल्यालाही लागते. कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला, अभ्यासकाला, बुद्धपौर्णिमेच्या रात्री प्राणी मोजायला पाणवठ्यावर मचाणात बसणाऱ्याला. शिकाऱ्याचं वारं चुकलं तर त्याची शिकार हुकते, तो रिकाम्या हातानं घरी जातो. आपलं वारं चुकलं तर मे महिन्याच्या रात्री पाण्यापर्यंत आलेलं सांबर न पिता मागे फिरतं. म्हणून मला वाटतं, आपण शिकाऱ्याहून जास्त काळजीनं वारं बघायला हवं.

(दृश्य: पहाट, पुण्यातलं एक घर. पाठीवरची पिशवी भरणं चाललंय. डिओचा डबा, डासांचं मलम, वेफर्सची पाकिटं.)

आधी वासाचं बोलू. घाम ताजा असतो तेव्हा त्याला जवळपास वास नसतो. काखेतल्या विशिष्ट ग्रंथींतून जो स्राव येतो तो कातडीवरचे जीवाणू मोडतात, आणि त्यातून वासाची संयुगं तयार होतात. शिवाय आपल्या कातडीचे सूक्ष्म कण सतत गळत असतात. हे कण वाऱ्यावर जातात, गवतावर बसतात आणि आपण निघून गेल्यावरही वास सोडत राहतात. आणि श्वास तर कुणालाच थांबवता येत नाही.

वर आपण जे फासून येतो ते वेगळंच. पहाटेची आंघोळ सुगंधी साबणानं, मग डिओ, देवघरातल्या उदबत्तीचा धूर शर्टाला, वाटेत पेट्रोलपंप, पुढे मिसळ आणि चहा, कुणाची तंबाखू. मचाणावर चढेपर्यंत या सगळ्याची पुटं अंगावर चढलेली असतात. बिनवासाचा साबण वापरा, कपडे साध्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवा, पाणवठ्याजवळ घालायचे बूट गाडीत वेगळे ठेवा. एवढं केलं की परका, भडक वास बराच कमी होतो, आणि त्याला खर्चही येत नाही.

यापलीकडे परदेशात मोठा बाजार आहे. वास शोषणाऱ्या कोळशाचे कपडे, वास मारणारे फवारे, ओझोन सोडणारी यंत्रं. कोळसा वास शोषतो हे खरं आहे. पण शोषून तो भरतो, आणि त्याला पुन्हा पुरता ताजा करायला जे तापमान लागतं ते घरातल्या कपडे वाळवायच्या यंत्राच्या आवाक्यात नाही. असे कपडे घालून लपलेली माणसं शोधी कुत्र्यांना शोधायला लावण्याचा प्रयोगही झाला आहे. कुत्र्यांनी ती शोधली. ओझोन तर आपल्याच फुप्फुसाला त्रास देतो. तेव्हा वास पुसून टाकण्याच्या मागे लागण्यात फार अर्थ नाही. तो निघणारच आहे. तो कुठल्या दिशेला जाईल, एवढंच आपल्या हातात असतं.

(दृश्य: रुईचं सुकलेलं बोंड उकलतं. आतून रेशमी तंतूंची म्हातारी बाहेर येते.)

वारं बघायला सगळ्यात चांगली वस्तू माळावरच मिळते. ही रुई. उन्हाळ्यात हिची बोंडं उकलतात आणि आतल्या बिया रेशमी तंतूंवर तरंगत निघतात. लहानपणी यांना म्हातारी म्हणून आपण फुंकर मारलेली आहे. अमेरिकेतले शिकारी याच कामासाठी मिल्कवीड नावाच्या झाडाचे तंतू खिशात ठेवतात, आणि ते झाड रुईच्याच कुळातलं आहे. ओली करंगळी वर धरली की वारं आपल्यापाशी कुठून आहे एवढं कळतं. म्हातारी पुढचं सांगते.

बघा. तंतू सोडला. पहिले दहाबारा पावलं तो सरळ पूर्वेकडे गेला. ओढ्याच्या काठाशी पोचला आणि खाली बसला. काठावरच्या करंजापाशी एक गिरकी घेतली, आणि आता तो ओढ्यातून उलटा, पाण्याच्या दिशेनं चाललाय. अंगाला वारं पश्चिमेचं लागतंय आणि आपला वास जातोय भलतीकडेच. झाड, बांध, कडा, कुठलाही अडथळा आला की त्याच्या आडोशाला वाऱ्याचे भोवरे तयार होतात. जनावरं बसायला नेमक्या अशा जागा निवडतात.

पुण्याच्या वेधशाळेला जुने पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं. वेधशाळेचा वाऱ्याचा अंदाज जरूर बघून निघा. पावसाळ्यात इथे पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा जोरदार वारा असतो. थंडीत पूर्वेकडून येणारा, मंद. एप्रिल-मेमध्ये दुपार टळली की घाटमाथा ओलांडून पश्चिमेचा गार वारा येतो आणि शहरातली माणसं गच्चीवर जातात. पण वेधशाळा वारं मोजते ते जमिनीपासून दहा मीटरांवर, मोकळ्या जागी. आपला आणि हरणाचा सगळा व्यवहार जमिनीपासून दोन मीटरांच्या आत चालतो, तोही एखाद्या ओढ्यात.

(दृश्य: भीमाशंकरचं जंगल, दुपार. उतारावर झाडी, खाली नाल्यात पाण्याचं डबकं.)

माळ सोडून आता डोंगरात येऊ. १९८५ साली झालेलं भीमाशंकर अभयारण्य. इथे सांबर आहे, भेकर आहे. चिंकारा मोकळ्यावर राहतो, त्यामुळे तो नाकाइतकाच डोळ्यांवर विसंबतो. दाट झाडीतल्या सांबराला पन्नास पावलांपलीकडचं दिसत नाही; त्याचा भरवसा नाकावर आणि कानांवर. त्याचं नाक कायम ओलसर असतं, आणि हवेतले वासाचे कण त्या ओलाव्यावर धरले जातात. अनुकूल वाऱ्यात काहीशे मीटरांवरचा माणूस त्याला कळतो. मग त्याच्या इशाऱ्याचा एक खणखणीत ‘ढांक’ ऐकू येतो, आणि त्या नाल्यातलं प्रत्येक जनावर सावध होतं.

दिवसभर ऊन पडलं की डोंगराचा उतार तापतो, त्याला लागून असलेली हवा हलकी होते आणि वर चढते. वर बसलेल्या माणसाचा वास अशा वेळी वरच निघून जातो. म्हणून दुपारी चार वाजता वरच्या मचाणात बसलेल्याला वाटतं, आपण अगदी योग्य जागी आहोत. खाली पाण्यावर मोर येतो, माकडं येतात, कुणी बुजत नाही.

सूर्य मावळला की उतार गार पडू लागतो. जमिनीलगतची हवा थंड, जड होते आणि पाण्यासारखी उताराला लागते. पुणेकरांना ही हवा ओळखीची आहे. रात्री दुचाकीवरून जाताना नाल्यावरचा पूल लागतो आणि एकदम गार हवेचा पट्टा अंगावर येतो, चढ लागला की पुन्हा कोमट. ती डोंगरावरून उतरून खोलात साचलेली हवा. थंडीतल्या सकाळी पर्वतीवरून शहरावर धुराचा जो थर आडवा दिसतो, तोही असल्याच थंड हवेत अडकलेला असतो.

आता मचाणावर या. तीच हवा आपल्या अंगावरून घसरत, आपला वास घेत, बरोबर नाल्यात उतरते. पाणी सगळ्यात खोलगट जागी असतं, म्हणून वासही तिथेच साचतो. दुपारी चारला जी जागा उत्तम होती ती रात्री आठला सगळ्यात वाईट होते, आणि मचाणावरचा माणूस जागचा हललेलाही नसतो. ही एकच गोष्ट समजली तरी रात्रीच्या मचाणाचं निम्मं काम झालं.

मे महिन्यात यात आणखी एक गुंता असतो. संध्याकाळी तो पश्चिमेचा वारा सुटलेला असतो, आणि तो जोरात असेपर्यंत उताराच्या हवेला दाबून ठेवतो. रात्री त्याचा जोर ओसरला, वारं पडलं, की डोंगराची हवा खाली सरकायला लागते. पानं हलायची थांबली की माणसाला वाटतं, आता वारंच नाही, काळजी मिटली. पण सांबर पाण्याकडे येतं त्याच वेळी. वळवाचं आभाळ आलं तर तेही धरून चाला. पाऊस पडण्याआधी ढगाखालून थंड वाऱ्याचा झोत सुटतो आणि काही मिनिटांत दिशा पार उलटी होते.

मग बसायचं कुठे? पाण्याच्या वर तर नाहीच. नाल्याच्या वाहत्या दिशेनं, पाण्याच्या खालच्या अंगाला आणि थोडं बाजूला. रात्रीची हवा तिथे पाण्याकडून आपल्याकडे येते. दुपारी ही जागा अडचणीची असते, कारण तेव्हा हवा उलटी चढत असते. पण सांबरासाठी रात्र महत्त्वाची, दुपार नाही. मचाण उंच असलं की वास काही काळ जनावराच्या डोक्यावरून जातो, याचा उपयोग होतो, पण वारं पडल्यावर तेवढ्यावर भरवसा ठेवू नये. जाताना जनावरांची वाट ओलांडू नका, फांद्या हातानं बाजूला सारू नका. आपण स्पर्श केलेल्या पानावर आपला वास तासन् तास राहतो.

(दृश्य: बुद्धपौर्णिमेची संध्याकाळ. वनरक्षक स्वयंसेवकांना मचाणांपाशी सोडतोय.)

वैशाखातली पौर्णिमा. चांदणं स्वच्छ, पाणी मोजक्याच ठिकाणी उरलेलं. राज्यातल्या अनेक जंगलांत या रात्री पाणवठ्यावरची गणना होते. वाघांची मोजणी आता कॅमेऱ्यांनी होते. पण सामान्य माणसाला जंगलात अख्खी रात्र काढायला मिळते ती या निमित्तानं, आणि म्हणून या रात्रीचं मोल मोठं आहे. स्वयंसेवकांना सूचना ठरलेल्या असतात: अत्तर नको, भडक कपडे नकोत, बोलणं नको. मला त्यात आणखी एक हवी. अंधार पडण्याआधी म्हातारीचा एक तंतू सोडा आणि तो पाण्याकडे जातो का बघा. वारं पडलं की पुन्हा सोडा. टॉर्चवर लाल कागद लावला की तंतू अंधारातही दिसतो. डबा मात्र उघडू नका. रात्री दहाला मचाणावर उघडलेला लसणाच्या चटणीचा डबा नाल्यातल्या प्रत्येक नाकाला कळतो.

सकाळी नोंदीचा कागद भरून द्यायचा असतो. कुठला प्राणी, किती, नर की मादी, किती वाजता. ज्या मचाणावर कुणीच दिसलं नाही तिथे रकाने रिकामे राहतात, आणि त्या पाणवठ्यावर जनावर येत नाही असा समज पक्का होत जातो. तेव्हा कागदाच्या कडेला वाऱ्याची दिशा तासातासाला लिहून ठेवा, आणि रात्री ‘ढांक’ ऐकू आला असेल तर कुठल्या बाजूनं, किती वाजता, तेही लिहा. रात्रभर हवा मचाणाकडून पाण्याकडे जात होती आणि साडेनऊला नाल्याच्या वळणावरून सांबर ओरडलं होतं, एवढी नोंद असेल तर तो रिकामा रकाना वेगळा वाचावा लागतो. त्या पाणवठ्यावर सांबर आलं होतं. पुढच्या वर्षी तिथलं मचाण नाल्याच्या खालच्या अंगाला बांधायला हवं.