मनोरीच्या शेळ्यांचा साबण
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : स्टीलचं पातेलं, त्यात गोठलेल्या दुधाचे खडे. हातमोजा घातलेला हात चमच्यानं पांढरे दाणे सोडतो आहे.]

पातेल्यात आहे ते शेळीचं दूध. आदल्या रात्री बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवलेलं. त्यावर पडतोय तो कॉस्टिक सोडा, एका वेळी अर्धा चमचाच. दुधाला सोडा लागला की भांडं तापायला लागतं. घाई केली तर दुधातली साखर करपते, दूध केशरी होतं आणि नाकात अमोनियासारखा भपकारा जातो. म्हणून पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवलं आहे, म्हणून ढवळणारा हात एवढा संथ आहे. पातेलं स्टीलचंच लागतं. ॲल्युमिनियम असेल तर सोडा ते खातो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो.

हात या घरच्या धाकट्या सूनबाईंचा आहे. डोळ्यांवर चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, दार-खिडक्या सताड उघड्या. हे काम चालू असताना लहान मुलांनी पडवीत पाऊल टाकायचं नाही, हा घरचा कायदा आहे.

[दृश्य : मार्वेची जेट्टी. फेरीबोटीत चढणारी माणसं, मोटारसायकली.]

घर आहे मनोरीत. मालाडच्या मार्वे जेट्टीवरून बोटीत बसलं की काही मिनिटांत खाडी ओलांडून आपण इथे येतो. रस्त्यानं यायचं तर भाईंदर-उत्तनचा मोठा वळसा. खाडीच्या त्या अंगाला इमारती, या अंगाला नारळ, ताड, वाड्या आणि कोळीवाडा, आणि दोन्ही अंगं महापालिकेच्या एकाच हद्दीत. समोरच्या मोटारसायकलच्या मागे शेवरीचा भारा बांधलेला दिसतोय ना, तो याच घरी चालला आहे.

[दृश्य : माचाणावरच्या शेळ्या. खालून घेतलेलं चित्रण, फळ्यांच्या फटीतून दिसणारे खूर.]

संगमनेरी आणि उस्मानाबादी मिळून 14 शेळ्या. जमिनीपासून उंच, फळ्याफळ्यांचं माचाण बांधलं आहे. कोकणपट्टीच्या पावसात शेळी ओल्या जमिनीवर उभी राहिली की आधी खूर सडतात, मग ताप, मग ठसका. माचाणावर खूर कोरडे राहतात, लेंड्या फटीतून खाली पडतात आणि तेच खत वाडीतल्या नारळांना जातं. पाला जमिनीवर टाकत नाहीत, दोरीला टांगतात. शेळी मान वर करून, निवडून खाते. तुडवलेला पाला तिला चालत नाही. शेवरी, सुबाभूळ, फणसाचा पाला, मिळेल तेव्हा वडाच्या डहाळ्या. पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषाराची लस चुकवायची नाही, कारण कोवळा चारा अधाशासारखा खाल्ल्यावर याच रोगानं रात्रीतून शेळी जाते.

शेळ्या थोरल्या बाईंच्या. सगळं गाव त्यांना मावशी म्हणतं, आपणही मावशीच म्हणू. धार काढतानाचं हे चित्रण जरा लांबलं आहे आणि ते कापावंसं वाटलं नाही. कोमट पाण्यानं सड धुतले, फडक्यानं कोरडे केले. पहिल्या दोन-तीन चिळकांड्या वेगळ्या काळ्या वाटीत. दुधात गुठळी किंवा रक्ताचा तंतू असेल तर काळ्यावर चटकन दिसतो. तसं दिसलं तर त्या शेळीचं दूध बाजूला ठेवायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. मग बाकीची धार तांब्यात. बोकड वाडीच्या दुसऱ्या टोकाला बांधला आहे, तो जवळ असला की दुधाला उग्र वास येतो. पिल्लांचं पोट भरून एक शेळी दिवसाला लिटरच्या आसपास दूध देते, कधी कमी. चांगल्या दिवसांत घरातलं सगळ्यांचं पिऊन सहा-सात लिटर उरतं.

उरलेलं दूध जायचं कुठे, हा या घरचा जुना प्रश्न. आपल्याकडे चहाला गाईम्हशीचंच दूध लागतं. शेळीचं दूध मागणारं गिऱ्हाईक तुरळक, त्यात बोटीपलीकडे नेईपर्यंत ऊन. धाकट्या सूनबाई बारावी सायन्सच्या. कागदावर हिशेब मांडून त्यांनी साबणाचा पहिला घाणा घातला. मावशी तेव्हा म्हणाल्या होत्या, दूध ते दूध, त्यात सोडा कशाला कालवतेस. आता वजनकाट्यापाशी त्या स्वतः बसतात.

[दृश्य : वजनकाटा, अगदी जवळून. आकडे थरथरून स्थिरावतात.]

या काट्यावर सगळं अवलंबून आहे. एक किलो खोबरेल तेलाचा पुरता साबण व्हायला 183 ग्रॅमच्या आसपास सोडा लागतो. इथे मोजतात 174. पाच टक्के सोडा मुद्दाम कमी, म्हणजे थोडं तेल साबण न होता तसंच राहतं आणि अंगाला रखरख येत नाही. प्रत्येक तेलाचा आकडा वेगळा, त्यामुळे खोबरेलात एरंडेल मिसळलं की हिशेब पुन्हा मांडायचा. भिंतीवरची ही वही पाहा. घाण्याचा क्रमांक, तारीख, तेलं, दूध, सोडा, तापमान, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. मोठ्या कारखान्यात याहून वेगळी शिस्त नसते.

[दृश्य : तेलात दूध-सोड्याचं मिश्रण ओतलं जातं. हँड ब्लेंडर. रंग बदलतो.]

आता तेल आणि दूध एकजीव होत आहेत. आधी पिवळसर पाणी, मग ताकासारखं, मग घट्ट. ब्लेंडर उचलल्यावर पडणारी धार वरच रेघ ठेवून जाते, ती दिसली की थांबायचं. लगेच लाकडी साच्यात, खाली बटर पेपर. साध्या साबणाचा साचा ऊब धरून राहावा म्हणून झाकतात. दुधाचा साबण उघडाच ठेवतात, कारण आतल्या आत तो तापला तर मधोमध फुगून तडकतो. दुसऱ्या दिवशी तारेनं वड्या कापायच्या. या वेळी तार अडली नाही, कडा सुटली नाही, मावशींचा चेहरा पाहा.

कापलेली वडी मात्र अजून साबण म्हणून वापरायची नाही. चार ते सहा आठवडे ती मोकळ्या हवेत फळीवर राहते, मधूनमधून उलटवतात. पाणी उडतं, वजन घटतं, वडी टणक होते. घाईनं वापरली तर चार आंघोळीत विरघळून जाते.

[दृश्य : जुलै. पागोळ्या. फळीवरच्या वड्यांवर पाण्याचे थेंब.]

आणि इथेच मुंबईचा पाऊस आडवा येतो. वडीवर दिसतात ते थेंब छतातून गळलेले नाहीत, साबणाला घाम सुटला आहे. तेलाचा साबण होताना ग्लिसरीन तयार होतं. मोठे कारखाने ते बहुधा काढून घेऊन वेगळं विकतात. घरच्या साबणात ते तसंच राहतं आणि त्वचेला मऊपणा त्यानंच येतो. पण ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सहा आठवडे तर राहोच, दहा आठवड्यांतही वडी वाळत नाही, उलट चिकट होते, तेल खवट होऊन पिवळे डाग पडतात. वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात पावसाळ्यात एकच शब्द खालपर्यंत दिसतो : बाद.

यावर उपाय ठाऊक आहे आणि तो काही मोठा नाही. बंद खोली, आतून फरशी, जाळीच्या मांडण्या आणि हवेतली ओल शोषणारं यंत्र. वाडीतला जुना गोठा त्यासाठी झाडून ठेवला आहे. भिंती उभ्या आहेत, छप्पर आणि फरशी नाही.

साबण कायद्यानं सौंदर्यप्रसाधनात मोडतो. विकायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना हवा, आणि तसा नियम असणं योग्यच आहे, अंगाला लावायची वस्तू आहे. 2020 च्या नियमांप्रमाणे देखरेखीला पात्र माणूस लागतो. रसायनशास्त्र घेऊन बारावी झालेली व्यक्ती त्याला चालते, म्हणजे माणूस घरातच आहे. जागा मात्र नियमात बसणारी हवी. म्हणून आजवर या घरानं एकही वडी विकलेली नाही. शेजारीपाजारी, नातेवाईक, माचाण बांधणारे सुतार, सगळ्यांना वानवळा म्हणून दिली. वेष्टनावर खाज जाते, डाग जातात असलं काही छापायचं नाही, हेही ठरलेलं आहे. दूध, तेल, सोडा, वजन, तारीख, एवढंच.

[दृश्य : मावशी ओटीवर कागद पसरून बसल्या आहेत.]

पैशासाठी हे घर सगळीकडे जाऊन आलं. राष्ट्रीय पशुधन अभियानात शेळीपालनाला निम्मं अनुदान मिळतं, पण सुरुवातच 100 शेळ्या आणि 5 बोकडांपासून. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत 35 टक्के मिळतात, पण ती खाद्यपदार्थांना. दुधाचं पनीर केलं असतं तर चाललं असतं. पंतप्रधान रोजगारनिर्मिती योजनेत महिलेला गावात 35 टक्के, शहरात 25. मनोरीला बैलगाडीच्या वाटा असल्या तरी बँकेनं सांगितलं, तुम्ही मुंबईत. तेही मान्य केलं. मग त्याच बँकेनं आधी परवाना मागितला. परवान्याला जागा लागते आणि जागेला पैसा. मुद्रा योजनेत तारण लागत नाही, तिथेही विक्रीचा हिशेब मागितला गेला, आणि परवान्याशिवाय विक्री करायची नाही हे तर या घरानं स्वतःच पाळलं आहे.

माचाणासाठी मावशींच्या पाटल्या गहाण पडल्या, त्या अजून सुटलेल्या नाहीत.

[दृश्य : जुना गोठा. सूनबाई पावलांनी खोलीची लांबी मोजतात.]

एवढ्या लहान उद्योगाला बसेल अशी योजना का नसावी, हा प्रश्न आम्ही संबंधितांसमोर ठेवतोच आहोत. पण पावसाळा योजनेची वाट पाहत नाही. लागणारी रक्कम साडेतीन लाख रुपये आहे. निम्म्याहून जास्त छप्पर, फरशी आणि वीजजोडणीला जाईल. उरलेल्यात ओल शोषणारं यंत्र, दूध गोठवायला डीप फ्रीझर, मांडण्या, साचे, प्रयोगशाळेतली तपासणी आणि परवान्याची फी. दान नको, असं मावशींचं स्पष्ट म्हणणं आहे. बिनव्याजी उसने द्या, परवाना आल्यापासून तीन वर्षांत हप्त्यानं फेडू. वहीची पानं, खर्चाचा अंदाज आणि सुतार-गवंड्यांची दरपत्रकं ज्यांना पाहायची असतील त्यांना दाखवली जातील. घरी येऊन पाहायचं असेल तर सकाळी धारेच्या वेळी या. छप्पर मेच्या अखेरीपर्यंत चढलं तर पावसाळ्यातला घाणा या वर्षी पहिल्यांदा कोरड्या खोलीत वाळेल, आणि परवान्याचा अर्ज त्याच महिन्यात जाईल.