साचेखात्यातलं बोलणं

नमस्कार श्रोतेहो.

आज थोडं पुस्तकांविषयी बोलणार आहे. कारखाने बंद पडलेली शहरं पुन्हा कशी उभी राहतात, यावर पुष्कळ पुस्तकं आहेत. नकाशांची आहेत, आकड्यांची आहेत. मी मात्र असं पुस्तक हातात घेतलं की आधी एकच गोष्ट बघते. यात बोलतंय कोण? जमिनीचा मालक बोलतोय, सरकार बोलतंय, की ज्यानं तिथे पाळ्या भरल्या तो बोलतोय? एवढं लक्षात ठेवा, बोलतंय कोण.

आपलं गिरणगावच घ्या. कावसजी दावरांनी १८५४ साली ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली, आणि १८ जानेवारी १९८२ला तो मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, ते तुम्हाला ठाऊक आहे. जमिनीचं काय झालं, ते थोडक्यात सांगते. १९९१च्या नियमानुसार गिरणीच्या जागेचे तीन वाटे व्हायचे होते. एक महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. आता गिरणीत मोकळी जागा असणार किती? शेडला शेड चिकटलेली! २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा बदल कायम ठेवला. मग टॉवर आले, मॉल आले. घरं विकणाऱ्यांनी लोअर परळला ‘अप्पर वरळी’ म्हणायला सुरुवात केली. मला ते नाव अजिबात मान्य नाही. जिथे माणसं राबली, त्या जागेचं नाव तरी ठेवा.

या सगळ्यात कामगाराचा आवाज कुठे सापडतो? जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकातल्या धुरी कुटुंबात सापडतो. आणि मीना मेनन व नीरा आडारकर यांच्या ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ या पुस्तकात सापडतो. ते २००४ साली आलं, मराठीतही आहे. लेखिका प्रश्न विचारतात आणि बाजूला होतात. साचेवाले, म्हणजे कापडाचे माग चालवणारे, बोलतात, खाणावळी चालवणाऱ्या बाया बोलतात, शाहीर बोलतात.

हे पुस्तक मी माझ्या मामांना वाचून दाखवत होते. मामा मूळचे मालवणकडचे. १९६० साली बदली म्हणून लागले, पुढे कायम झाले आणि संपापर्यंत लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. मी डोंबिवलीला त्यांच्याकडे रविवारी जायची, दहा-बारा पानं वाचायची. ते ऐकता ऐकता मला दुरुस्त करायचे. “लूम काय म्हणतेस, साचा म्हण.”

एका रविवारी धोट्याची गोष्ट निघाली. धोटा म्हणजे साच्यात आडवा धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा. धोट्यातली कांडी, म्हणजे धाग्याची गुंडाळी, संपली की नवी घालायची आणि धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यायचा. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागणार, म्हणून दलित कामगारांना साचेखात्यात घेतच नसत. पगार तिथे जास्त, आणि दार बंद. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न पुढे आणला होता. मी वाचायची थांबले. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “खरं आहे ते. बावीस वर्षं मी त्या खात्यात होतो. ती माणसं आपल्यात का नाहीत, असं आम्ही कधी विचारलंच नाही.” आणि एकदम उठून म्हणाले, “चल, तुला खातं दाखवतो.”

पुढच्या रविवारी आम्ही तिघं निघालो. मी, मामा आणि त्यांच्या समोरच्या लाईनीत काम केलेले आबा. गिरणीच्या जागी मॉल झालेला. चिमणी तेवढी उभी होती. मामांनी चिमणी डाव्या हाताला धरली आणि पावलं मोजत आत निघाले. सरकत्या जिन्याला वळसा घालून एका कपड्यांच्या दुकानात थांबले. “हय माझो साचो होतो.” तिथे शर्टांचं कपाट होतं.

दुकानात गाणं एवढ्या मोठ्यानं लावलेलं की मला स्वतःचं बोलणं ऐकू येईना. आबा पार पलीकडच्या टोकाला. मी त्यांना बोलवायला निघाले, तर मामांनी हात धरला. आणि तिथूनच, आवाज न काढता, त्यांनी ओठ हलवले. सावकाश, मोठाले. आबांनी बघितलं आणि तसंच उत्तर दिलं. मग दोघांचं सुरूच झालं! मध्ये एवढी गर्दी, एवढं गाणं, आणि हे दोघे म्हातारे ओठांनी गप्पा मारतायत, हसतायत. शेकडो साच्यांच्या खडखडाटात ते असेच बोलायचे, ओठ वाचून, बोटांच्या खुणा करून. इतक्या वर्षांनी एक शब्द विसरले नव्हते.

मी मामांच्या कानाशी जाऊन विचारलं, काय बोललात? म्हणाले, “मी विचारलं, तुझा साचा कुठे? तो म्हणतो, कपडे घालून बघायच्या त्या खोलीत.”

दुकानातला मुलगा हे सगळं बघत होता. साताऱ्याकडचा, विशीतला. दिवसभर या गाण्यानं डोकं दुखतं, म्हणाला, पलीकडच्या पोराला हाका मारून घसा बसतो. मामांनी त्याला तिथल्या तिथे दोन वाक्यं शिकवली. ‘जेवलास?’ आणि ‘जॉबर येतोय’, म्हणजे मुकादम येतोय. मग एका शर्टाचं कापड चिमटीत धरून त्याला उभा धागा, आडवा धागा दाखवला. आम्ही निघालो तेव्हा काउंटरमागून त्या मुलानं ओठ हलवले. मामा दारातच थांबले, वळले आणि त्याच भाषेत म्हणाले, ‘जेवलो.’

वेळ होत आली. अमेरिकेच्या जेन जेकब्स यांचं १९६१चं ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ राहिलंच. एवढंच सांगते, नव्या धंद्याला परवडणारी जागा जुन्या इमारतीत मिळते, हे त्या फार नीट पटवून देतात. अवश्य वाचा. तिथेही बघा, बोलतंय कोण. रस्त्यावरचा दुकानदार आणि खिडकीतून लक्ष ठेवणारी शेजारीण.

ही पुस्तकं वाचनालयात मागा. आणि आपली वाचनालयं रात्री दहापर्यंत उघडी असावीत, हे मी मागेही म्हटलंय, आजही म्हणते. कामावरून सुटलेला माणूस घरी पोचतो आठला.

मामा आता नाहीत. आमच्या त्या प्रतीत धोट्याच्या पानाच्या कडेला त्यांनी मला पेन्सिलीनं लिहायला लावलेलं तसंच आहे, ‘मीही होतो या खात्यात’, आणि खाली त्यांचा गिरणीतला तिकीट नंबर, म्हणजे कामगार क्रमांक.

नमस्कार.