उन्हात बंद पडणारी पद्मिनी: पेट्रोल अडलं की करंट?

नमस्कार मंडळी! मागं उभी आहे ना, ती आमची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी गाडी. सकाळी एका सेल्फमध्ये चालू. पण मे महिन्यात दुपारी वर्धा रोडला लागली की अजनी चौकाच्या सिग्नलवर हमखास बंद. मागचे हॉर्न मारून राहिले, मी सेल्फ मारून राहिलो, इंजिन नुसतं घरघरून राहिलं. अर्धा तास झाडाखाली उभी केली की पुन्हा चालू, जसं काही झालंच नव्हतं!

नागपूरचं ऊन ४५ अंशांवर गेलं की पहिला संशय पेट्रोलवर जातो. तो काही चुकीचा नाही. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असतो, तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती ओढू शकत नाही. म्हणून मी दोनदा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) खोलला, साफ केला. दोन रविवार गेले, आणि सोमवारी गाडी पुन्हा त्याच चौकात.

चूक काय झाली? मी गाडी तपासत होतो घरी, थंड झाल्यावर. बाप्पा, बंद पडते तेव्हा तपासा ना!

(बोनेट उघडतो.)

ही कॉइल, ठिणगीसाठी लागणारा मोठा करंट हीच तयार करते. हा डिस्ट्रिब्युटर, तो करंट एकेका प्लगला वाटून देतो, गॅरेजमध्ये याला डेल्को म्हणतात. कॉइलमधून येणारी मधली जाड वायर डेल्कोच्या कॅपमधून काढायची, मूठ प्लास्टिकची असलेल्या पकडीनं धरायची, टोक इंजिनच्या लोखंडापासून पाचेक मिलिमीटरवर ठेवायचं आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. टकटक आवाज करत निळी ठिणगी पडली तर कॉइलपर्यंत सगळं ठीक, आता कॅप, तिच्या आत फिरणारा रोटर, प्लग आणि पेट्रोल बघा. पिवळी, मरतुकडी ठिणगी किंवा काहीच नाही, तर कार्ब्युरेटरला हातही लावू नका. पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र हा प्रयोग करायचाच नाही. आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीवर तर अजिबात नाही, मॉड्युल जाईल.

माझ्या गाडीत ठिणगी नव्हती. मग चाबी बंद करून पिळलेलं ओलं फडकं फक्त कॉइलवर गुंडाळलं, पंपाला हात लावला नाही. दहा मिनिटांत गाडी चालू! चोर सापडला.

कॉइलच्या आत तारेची दोन वेटोळी असतात. बॅटरीचे १२ व्होल्ट पहिल्यात जातात. सीबी पॉइंट, म्हणजे डेल्कोतला उघडझाप करणारा छोटा स्विच, उघडला की तो प्रवाह तुटतो आणि दुसऱ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. तापल्यावर जुन्या तारेचं इन्सुलेशन दगा देतं, गार झाली की ती पुन्हा शहाण्यासारखी वागते. म्हणून थंड कॉइलला मीटर लावून ‘ओके आहे’ म्हणण्यात अर्थ नाही.

कॉइल जळते कशानं, माहीत आहे? चाबी ऑन ठेवून रेडिओ ऐकण्यानं. इंजिन बंद, पॉइंट मिटलेले, आणि कॉइलमधून करंट सतत चालू. आमच्या घरी हे कोण करायचं ते सांगत नाही, वडील व्हिडिओ बघतात.

कॉइल बदलूनही दुखणं राहिलं तर कंडेन्सर, म्हणजे पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा छोटा भाग, बदला. स्वस्त आहे, तपासत बसण्यापेक्षा बदललेला बरा. पॉइंट जळून काळेनिळे झाले असतील तर कंडेन्सरच दोषी. पॉइंट घासलेत तर त्यांच्यातली फट (गॅप) फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, पुन्हा लावा, अंदाजानं नाही.

पावसाळ्याचं वेगळं: कॅपमध्ये ओल धरते. कोरड्या फडक्यानं पुसा, आत पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी रेघ दिसली तर कॅप फेका.

चला, अडीच वाजले. ऊन बघा कसं आहे! नवीन कॉइल बसवली आहे, जुनं फडकं आणि पाण्याची बाटली डिकीत आहे. अजनी चौकापर्यंत जाऊन येऊ.