तीनदा दार वाजलं

(दृश्य : काटपाडी जंक्शन, पहाट. फलाटावर उतरणारे पेशंट, काखेत एक्स-रेची पाकिटं.)

तमिळनाडूतलं काटपाडी. इथे उतरणाऱ्या कितीतरी जणांना एकाच ठिकाणी जायचं असतं. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, म्हणजेच सीएमसी. पार बंगालमधून माणसं येतात, हॉस्पिटलसमोरच्या गल्लीत बंगाली पाट्या दिसतात. इथला डॉक्टर घडतो कसा, हे समजून घ्यायचं तर १८९०च्या दशकातल्या एका रात्रीपाशी जावं लागतं.

आयडा स्कडर, अमेरिकन मिशनरी घरातली तरुण मुलगी. आई आजारी म्हणून ती तिंडीवनमला आली होती. इथेच राहायचं तिच्या मनातही नव्हतं. त्या रात्री एकामागून एक तीन घरचे पुरुष दारात आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या. आयडाचे वडील डॉक्टर होते, यायला तयार होते. पण परपुरुषाचा हात लागू द्यायला तिघांतला एकही राजी झाला नाही. सकाळी कळलं, तिघीही गेल्या.

आयडा परत गेली ती डॉक्टर व्हायला. १९०० साली ती वेल्लोरला आली आणि १९१८ मध्ये तिने मुलींसाठी मेडिकल स्कूल काढलं. तीन अर्ज आले तरी नशीब समज, असं तिला सांगण्यात आलं होतं. आले १५१. पहिल्या तुकडीतल्या परीक्षेला बसलेल्या सगळ्या मुली पास झाल्या.

(दृश्य : एक खेडं. ओट्यावर बसून वहीत लिहिणारे विद्यार्थी.)

'सेवा करून घेण्यास नव्हे, तर सेवा करण्यास.' बायबलमधलं हे वाक्य कॉलेजचं ब्रीद आहे. ब्रीदवाक्य काय, कुठल्याही कॉलेजच्या भिंतीवर असतं. इथे ते अभ्यासक्रमात उतरलंय. पहिल्याच वर्षी विद्यार्थी खेड्यात मुक्काम करतात. पाणी कुठून येतं, घरात कमावतं कोण, दवाखाना किती लांब, हे ते घरोघरी जाऊन विचारतात. पेशंट कॉटवर येण्याआधी कुठे राहत होता, हे त्यांना तिथे दिसतं.

आणि एमबीबीएस झाल्यावर? ज्या मिशन संस्थेने विद्यार्थ्याला पुरस्कृत केलं, तिच्या हॉस्पिटलात त्याने दोन वर्षं काम करायचं. ही हॉस्पिटलं बहुधा आडगावी. शेजारच्या खोलीत स्पेशालिस्ट नसतो. रात्री अडलेली बाई आली, की निर्णय त्यानेच घ्यायचा. करिअरची तयारी म्हणतात ती माझ्या लेखी हीच. त्या दोन वर्षांत जे अंगात मुरतं, ते कुठल्याच वर्गात शिकवता येत नाही.

(दृश्य : जुनं छायाचित्र. कुष्ठरुग्णाचा वाकलेला पंजा.)

आता पॉल ब्रँड. ते १९४६ मध्ये इथे शल्यचिकित्सा शिकवायला आले. एकदा कुठल्याशा गंजलेल्या कुलपाची किल्ली त्यांच्याच्याने फिरेना. एका कुष्ठरोगी पोराने ती सहज फिरवली. कुलूप उघडलं, पण पोराचं बोट हाडापर्यंत कापलं होतं, आणि त्याला पत्ताच नव्हता. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, असं तेव्हा सगळेच धरून चालत. ब्रँड यांनी दाखवून दिलं की वेदनाच कळत नाही, म्हणून जखमा होतात, चिघळतात आणि बोटं जातात. मग त्यांनी निरोगी स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, वळवून लुळी बोटं पुन्हा हलती केली. इकडे वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहत होतं, तो हाच काळ.

याच कॉलेजात शिकलेल्या मेरी व्हर्गीस १९५४ मध्ये मोटार अपघातात सापडल्या. कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. चेहऱ्यावर व्रण राहिले. शल्यचिकित्सक म्हणून सगळं संपलं, असंच कुणालाही वाटलं असतं. पण हाताची शस्त्रक्रिया बसूनही करता येते, हे ब्रँड यांनी त्यांना सुचवलं. मेरी व्हीलचेअरवरून थिएटरमध्ये गेल्या आणि कुष्ठरुग्णांचे हात दुरुस्त करू लागल्या. पुढे न्यूयॉर्कमध्ये पुनर्वसनाचं शास्त्र शिकून त्या वेल्लोरला परतल्या आणि या विषयाचा विभाग त्यांनी उभा केला. ज्यांना उभं राहता येत नव्हतं, अशा पेशंटसमोर त्यांची डॉक्टर त्यांच्याच उंचीवर, चाकाच्या खुर्चीत बसलेली असे.

(दृश्य : पुन्हा काटपाडी, संध्याकाळ.)

फलाटावर एक तरुण डॉक्टर. पायाशी ट्रंक, गळ्यात सॅक. दोन वर्षांच्या नेमणुकीवर निघालाय. गाडीला अजून वेळ आहे. शेजारच्या बाकावरच्या म्हातारीने आपली फाइल त्याच्यापुढे धरलीय आणि तो ती उघडून बसलाय.