चार चिंचोके आणि पहिलीचं गणित

नमस्कार. माईक राहू दे, आवाज पोचतोय ना मागे? बरं. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या की पालकांची एक तक्रार आहे, पोरं शाळेत नुसती खेळतात, वही कोरीच येते घरी. तर आज त्या कोऱ्या वहीबद्दलच बोलू.

अष्टाचंगा किती जणांनी खेळलाय? वा, आज्या सगळ्याच. खडूने पाच बाय पाच घरं आखायची, फुलीची घरं सेफ, आणि कवड्या नसतील तर चिंचोके फोडून, दगडावर घासून चार अर्ध्या करायच्या, एक बाजू पांढरी एक काळी. तीन पांढऱ्या पडल्या की तीन, चारही पांढऱ्या तर चार, सगळ्या काळ्या पडल्या तर आठ. आता पहिलीतलं पोर बघा काय करतं, सुरुवातीला प्रत्येक चिंचोक्यावर बोट ठेवून मोजतं, मग थोड्या दिवसांनी नुसतं बघून "तीन!" ओरडतं, आणि पुढे पुढे तर डाव टाकायच्या आधीच त्याला माहीत असतं की समोरची सोंगटी चार घरं लांब आहे, म्हणजे चार पडले तर मारता येईल, दोन पडले तर आपली सोंगटी फुलीत नेऊन वाचवायची. ही बेरीज वजाबाकीच आहे की! वर परत आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, सोंगटी मेली तरी पट उधळायचा नाही. हे शेवटचं मोठ्यांनाही जमत नाही, सोसायटीच्या मीटिंगा बघा.

हे काय आज निघालेलं फॅड नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 ला बोर्डीत, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातल्या गावात, बालवाडीचं काम सुरू केलं, त्यांच्या सहकारी अनुताई वाघ सोबत होत्या, नंतर 1957 ला दोघी जवळच्याच कोसबाडला गेल्या. माँटेसरी पद्धतीचं, म्हणजे हाताळून शिकायचं तयार साहित्य महाग, मग त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं वापरली. पोरं शाळेत येईनात म्हणून अंगणातच बालवाडी भरवली, आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा. आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वर्षं हा एकच टप्पा धरलाय, म्हणजे पहिली दुसरी बालवाडीला जोडलीय, आणि त्यात खेळातून शिकवा असं स्पष्ट म्हटलंय. कागदावर छान आहे. पण काही शाळांत खेळण्यांची पेटी कपाटात कुलपात असते, हरवलं तर कोण भरून देणार म्हणून, आणि साहेब आले की फोटोपुरती बाहेर. त्यापेक्षा चिंचोके बरे, हरवले तर हरवले.

मात्र नुसतं सोडून दिलं की झालं असंही नाही हां. बाईंनी बाजूला बसायला पाहिजे, आणि पोर चुकीचं मोजत असेल तर लगेच उत्तर सांगायचं नाही, "परत मोज बरं" एवढंच म्हणायचं, बहुतेक वेळा समोरचा भिडूच पकडतो चूक कारण त्याची सोंगटी पणाला लागलेली असते.

आत्ता एक ताई विचारत होत्या, चाळीस पोरांत हे कसं करायचं. चार चारचे दहा गट, व्हरांड्यात दहा पट आखायचे, रोज एकाच गटाजवळ बसायचं आणि कोण अजून बोटाने मोजतंय, कोण बघून सांगतंय एवढंच डायरीत टिपायचं. पालक वही मागायला आले की ती डायरी दाखवा. आणि चिंचोके घरून मागवा, चिंचेच्या सीझनला डबाभर येतात.