तिळारीच्या जंगलात कॅमेऱ्यासमोरून कोण कोण गेलं?

हे बघा, आलं. रात्रीचे पावणेतीन वाजलेत, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेने निघालंय ते पिसोरी हरीण. जेमतेम फूटभर उंच, पाय पेन्सिलीएवढे, आणि खाली पडलेली रानफळं हुंगत चाललंय.

हे तिळारीचं खोरं, तालुका दोडामार्ग. इकडे गोवा, तिकडे कर्नाटक. पावसाळ्यात चार महिने नुसता कोसळतो, मग मेपर्यंत बहुतेक ओढे आटतात, पाणी उरतं ते असल्या गर्द सावलीच्या घळीत, म्हणून प्राणीही इथेच.

समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा हा कॅमेरा लावणं म्हणजे झाडाला पट्ट्याने बांधला की झालं असं नाही हां. आधी दोन दिवस नुसते माग बघत फिरायचं, विष्ठा, खुरं, साळिंदराचे काटे. मग गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधायचा, उगवतं-मावळतं ऊन लेन्समध्ये येणार नाही असा, समोरचं गवत काढायचं नाहीतर वाऱ्याने पान हललं तरी सेन्सर चालू आणि कार्डभर फक्त पानं! (आमचं पहिलं कार्ड तसंच गेलं.) शेवटी स्वतः रांगत समोरून जायचं, फोटो आला तर बरोबर.

मग हे सगळे आले. भेकर, उदमांजर, साळिंदर, बिबट्या. शेकरू मात्र यात सापडत नाही, राज्यप्राणी वरूनच जातो, फांदीवरून फांदीवर, त्यामुळे त्याचा हा शॉट मान वर करून हातानेच घेतलाय.

आता ड्रोनमधून बघा. डावीकडे जंगल, उजवीकडे रबर. वरून दोन्ही हिरवंच की! खाली उतरलो तर एका रांगेत एकाच वयाची झाडं, बुंध्याला चिकाच्या वाट्या, जमीन साफ. फळ नाही, झुडूप नाही. पिसोरीने खायचं काय, लपायचं कुठे?

गवा काजूच्या बागेतही दिसतो, रस्त्यावरही दिसतो, म्हणून लोकांना वाटतं जंगल मजेत आहे. गवा कुठेही निभावून नेतो हो, पिसोरी नाही नेत. 2020 मध्ये तिळारीचं साधारण 29 चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव झालं, पण आजूबाजूचं पुष्कळसं खासगी मालकीचं, ते विकलं जातं, तोडलं जातं.

ही त्याच कॅमेऱ्याची सकाळची क्लिप. साडेसहा. तोच व्हाळ, तीच वाट, गळ्यात पट्टा असलेली दोन कुत्री.